बाईंच्या डोळ्यांचं माप

कपाट उघडताना डांबरगोळ्यांचा वास आला की मला नागपूरची कीटकांची ती प्रयोगशाळा आठवते, आणि माझ्या वरिष्ठ बाई आठवतात. दोन डोळ्यांनी बघायचा सूक्ष्मदर्शक घ्यायचं ठरलं, तेव्हा विक्रेत्यानं आणलेल्या दोन्ही यंत्रांखाली त्यांनी कपाशीच्या बोंडातली अळी ठेवली आणि सकाळभर आलटून पालटून पाहत बसल्या. "नुसतं मोठं दिसून काय करतं वं," मला म्हणाल्या, "डोकं नाही दुखलं पाहिजे." ज्यानं दुखलं नाही, तो घेतला. वर्षभर त्यावर त्याच बसत. मग रामदासपेठेतल्या दवाखान्यात त्यांचं ऑपरेशन झालं आणि त्या त्यातून उठल्याच नाहीत. त्यांचा डबा आणि छत्री न्यायला यजमान आले. "दिवसभर काय पाहे ती, मले दाखवता का?" त्यांनी विचारलं. मी दिवा लावून अळी ठेवली. ते वाकले. "दोन-दोन दिसून राहिलं." मी म्हटलं, बाईंच्या डोळ्यांत अंतर कमी होतं, बघायच्या दोन्ही नळ्या अजून त्यांच्याच मापावर आहेत, तुमच्यासाठी सरकवते. त्यांनी माझा हात अडवला. "राहू द्या ना. काहून हलवता?" आणि एक डोळा हातानं झाकून ते कितीतरी वेळ पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी तपासायची बोंडं टेबलावर साचली होती, काम थांबवता येत नव्हतं. मी नळ्या माझ्या डोळ्यांजोगत्या केल्या. त्या इतक्या सहज सरकल्या, की आजही त्याचंच वाईट वाटतं.