रंगूनच्या पोरांचा खोकला

गवयावर लेख म्हटल्यावर तुम्ही आत्ताच डोळे मिटून घेतले असतील. पहाटेचा रियाज, तंबोऱ्याच्या तारा, माना डोलावणारे श्रोते... उघडा डोळे. आमचे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ, गायला बसले की आधी खोकायचे. मग धोतर सारखं करायचे, डावा हात कानावर ठेवायचे, पुन्हा खोकायचे आणि तेवढ्यात कोणाला गाणं सुरू व्हायच्या आधीच जांभई आली तर त्याला ‘गधड्या’ म्हणायचे. मागच्या महिन्यात गोंदियाच्या बाजारात पानठेल्यासमोर मी हीच नक्कल करून राहिलो होतो. दोस्त हसून बेजार. इतक्यात आमच्या कुडवा गावाहून सायकलवर मोठेबाबांचा मुलगा, माझा चुलतभाऊ आला. तो हसला नाही. बाबा गेले, एवढंच बोलला. माझा हात तसाच कानावर राहिला थोडा वेळ...

जपानच्या लढाईच्या आधी मोठेबाबा आणि मी रंगूनला होतो. आमच्याकडच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याची तिथे पेढी होती, आणि तिथल्या आपल्या लोकांनी लहान लेकरांसाठी शाळा काढली होती. तिला गाण्याचा मास्तर पाहिजे होता. मोठेबाबा निघाले, पेटी उचलायला आणि पोरं सांभाळायला मला घेतलं. मी मॅट्रिकला नापास होऊन मोकळाच होतो. वर्गात गुजराती, तेलुगू, तमिळ, आणि शेजारच्या गल्लीतली बर्मी पोरंही होती. आमची बोली तिथे कोणाच्या बापाला कळत नव्हती, हिंदीही अर्ध्यांनाच. म्हणून मोठेबाबांनी पहिल्या दिवशी खुणेनं एकच नियम ठोकला. मी करतो तसं करायचं, विचारायचं काही नाही. ते स्वतः त्यांच्या गुरूकडे असंच शिकले होते.

वर्ष सरत आलं तसं शाळेचे पंच कुरकुर करू लागले. पोरांना हिशेब शिकवा, सारेगमनं दुकान चालतं का, असं त्यांचं म्हणणं. ठरलं असं की शाळेच्या वर्षाअखेरच्या जलशात पोरांचं गाणं ऐकायचं आणि मग वर्ग ठेवायचा की मोडायचा ते सांगायचं. आणि नेमका जलशाआधी मोठेबाबांना हिवताप भरला. घोंगड्याखालून म्हणाले, ‘‘जा, तू घे वर्ग. भूप रागाची सरगम बसली पाहिजे. नाही तर लेकरायचं गाणं संपलं समज.’’

मी गेलो. माझ्या आवाजात शिकवायला लागलो तर एक पोरगं माझ्या पाठीवर चढलं, दोन पेटीवर. मग मी मोठेबाबांचं उपरणं खांद्यावर टाकलं आणि त्यांच्यासारखा खोकलो. वर्ग चिडीचूप. झालं, मग काय, जलशापर्यंत मी मोठेबाबाच होऊन राहिलो. तीच मान, तोच आवाज, तेच उपरणं. पोरं मन लावून शिकत होती. नक्की काय शिकत होती, ते मला जलशातच कळलं.

पडदा वर गेला. पुढे पंच, मोठेबाबा शाल पांघरून खुर्चीत. पेटीवर मी. पोरांनी रांग धरली आणि सगळी एकदम खोकली. मग सगळ्यांनी, पोरींनीसुद्धा, नसलेलं धोतर सारखं केलं. डावे हात कानावर गेले. पुन्हा खोकला. पुढच्या बाकावरच्या एका शेठाणीला जांभई आली, तशी सगळ्यात बुटकी बर्मी पोरगी तिच्याकडे बोट करून खणखणीत ‘गधड्या’ म्हणाली... आणि सरगम सुरू झाली. मी पेटीमागे खाली खाली सरकत होतो. पण पंच डुलत होते. शेवटी थोरले शेठ उठून म्हणाले, बाकी ठिकाणी नुसतं गाणं असतं, हे तर अस्सल घराणं दिसतं. वर्ग पक्का झाला.

मोठेबाबा वाटेत काठी टेकत पुढे चालले होते. मी आपला मनातल्या मनात माफीचं भाषण जुळवून राहिलो होतो. खोलीवर आल्यावर त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली. मनात म्हटलं, बरं झालं, मार वाचला. तर ते बोलायला लागले.

‘‘माहा खोकला उचलला, धोतर उचललं, शिवीबी उचलली. मंग माहा गंधार काऊन नाही उचलला बे?’’

 खरंच, माझा गंधार, म्हणजे ‘ग’चा सूर, थोडा उतरायचा. पंचांना काय कळणार.

‘‘तुया उतरला म्हणून लेकरायचाबी उतरला. खोकला त्यायले म्हातारपणी फुकटात भेटणार हाय, तो कायले शिकवला? हसून काय राहिला? काढ पेटी. लाव गंधार. माह्यासारखा लाव... खोकू नको, गधड्या.’’