खिंडीतलं अस्वल

रविवार होता, आमच्या खेळाचा दिवस. अमरावतीहून अकोल्याला इरफानकडं निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात त्याच्या बायकोचा, शबानाभाभीचा फोन आला. "तुमचे दोस्त गेले, भाऊ. झोपेतच गेले." मी हातातली पिशवी तशीच धरून उभा राहिलो...

इरफान माझा कॉलेजातला मित्र, मूळचा बाळापूरचा. फासे टाकून कल्पनेच्या राज्यात योद्धे नि जादूगार व्हायचा खेळ त्यानंच आम्हाला लावला. गोष्ट तो सांगायचा. आपल्या पात्रानं काय करायचं ते आम्ही ठरवायचं. त्याच्या राज्यात आग ओकणारे राक्षस मात्र नव्हते. "आपल्या मेळघाटात जनावरं कमी हायेत काय?" म्हणत त्यानं तडस आणलं, बिबट आणला. पोळ्याचे बैल करतात तशी काळ्या मातीची जनावरं तो स्वतः घडवायचा. वाळताना त्यांना भेगा पडत, त्या तो बुजवत नसे.

एकदा त्यानं रोही, म्हणजे पिकं फस्त करणारी नीलगाय, आणला. आम्ही सगळे शेतकऱ्यांच्या घरचे. राजकन्येला सोडवायचं राहिलं बाजूला, त्या कल्पनेतल्या वावरातून रोही हाकलण्यातच आमची संध्याकाळ गेली. इरफान हसून बेजार. "अबे, वावर कोनाचं हाय ते तरी इचारा." तलवार उपसणाऱ्याला त्याच्या खेळात हमखास मार बसायचा. जनावर का आलं, हे विचारणाऱ्याला वाट मिळायची. त्याच्या या हट्टाचा मला वैताग यायचा. आता त्याचीच फार आठवण येते.

शेवटच्या रविवारी टेबलावर मांडलेल्या खिंडीत अस्वल आडवं बसलं होतं. मी लगेच तलवार काढली. "घाई कावून करून राह्यला?" म्हणत त्यानं खेळ तिथंच थांबवला. तो गेला, तसा खेळही संपला असंच आम्ही धरून चाललो होतो. काही आठवड्यांनी भाभीनं बोलावलं. टेबलावर खिंड तशीच, अस्वलही तसंच. आजवर चहा ठेवून आमच्या खेळाला हसणारी भाभी त्याच्या खुर्चीत बसली. मीच विचारलं, "अस्वल कावून बसलं, भाभी?"

तिनं मूठ उघडली. बोटाच्या पेराएवढी मातीची दोन पिल्लं. "हे खिडकीत वाळत होते," म्हणत तिनं ती अस्वलाच्या पाठीवर ठेवली. मग फासे माझ्यापुढं सरकवले. "बोला भाऊ, काय करता?"

"तलवार ठेवतो. आमी मांगं सरकतो, पयले तिले जाऊ द्या."

भाभीनं पिल्लांसकट अस्वल जपून उचललं आणि खिंडीपलीकडं नेऊन ठेवलं. वाट मोकळी झाली.