बायांची धार

आमच्या गावच्या बायांना वर्षातून एकच दिवस सुट्टी मिळायची. आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकली की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या जणी टोकावड्याच्या पुढे, घाटरस्त्याच्या खालच्या धबधब्यावर न्हायला जायच्या. त्याचं नावच बायांची धार. लुगड्यासकट पाण्याखाली उभं राहायचं, वाकून वाकून आखडलेल्या पाठीवर धार घ्यायची, मग खडकावर बसून भाकऱ्या खायच्या, एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला करायच्या आणि उन्हं कलली की घरी यायचं. त्या दिवशी गावातला एकही पुरुष तिकडे फिरकत नसे. कुंपण नव्हतं, पाटी नव्हती. गुरं चुकून खाली उतरली तरी गडी माणूस रस्त्यावरूनच हाका मारायचा. नव्वदच्या दशकात मी शाळकरी पोर होते. आई तिथं जशी हसायची तशी घरात कधी हसलेली मला आठवत नाही.

पुढे मी शहापूरला नोकरीला लागले आणि दोन हजार सालानंतर घाटात गाड्या वाढल्या. श्रावणातल्या रविवारी तर टोकावड्यापासून गाडीला गाडी लागलेली. या लोकांना म्हणे निसर्ग बघायचा असतो. निसर्ग बघायला डिकीत स्पीकर लागतो, बाटल्या लागतात आणि बोंबलायला चार मित्र लागतात, हे मला तेव्हाच कळलं.

एका वर्षी आमची आवणी नेमकी शनिवारी उरकली. आईची पाठ त्या पावसाळ्यात फार धरली होती, उठताना भिंतीचा आधार लागायचा. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, "धारेखाली उभी रायली का बरी व्हईल." महिनाभर हेच एक घोकत होती. मी मुद्दाम घरी आले. शेजारच्या दोन काकू आमच्याबरोबर निघाल्या. घड्याळ मी घरीच ठेवलं, कारण आजचा अख्खा दिवस आईचा होता.

रस्त्याच्या कडेला माझ्या चुलत भावाने भज्यांची टपरी टाकली होती. शेजारच्या दगडावर त्याने चुन्याने मोठा बाण काढला होता, खाली धारेकडे.

"आजच्या दिवशी तरी रे?" मी म्हटलं.

"रविवारचा धंदा सोडू का गो?" तो म्हणाला. "तुमी पण जावा की, कोण नाय म्हणतो?"

त्याच्या कढईला लाथ घालावी असं वाटलं मला.

खाली उघडी, अर्ध्या चड्ड्यांतली पोरं पाण्यात नाचत होती. आम्ही ज्या खडकावर भाकऱ्या सोडायचो तिथं काचा पडल्या होत्या. आई काठावर थांबली. पदर सारखा केला. आणि कॅमेरा धरून उभ्या असलेल्या, माझ्याहूनही लहान पोराला म्हणाली, "दादा, आमी जरा न्हाऊ का?"

ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. जिची सासू, सासूची सासू या पाण्याखाली उभ्या राहिल्या, ती परवानगी मागते! तीही त्या धारेचं नाव ठाऊक नसलेल्याकडे! पण आमच्या घरात येऊन बसलेल्या माणसाला ऊठ म्हणायची रीत नाही. आईच्या लेखी ती पोरं पाव्हणी होती.

पोरगा गोडच बोलला, तेच जास्त लागलं. "हो काकू, पाचच मिनिटं. आमचे फोटो होऊ द्या."

आई थांबली. काकू थांबल्या. तेवढ्यात बाणाच्या वाटेने आणखी एक टोळी उतरली. त्यातल्या एकाने कॅमेरा आमच्याकडेच वळवला. मग मात्र माझा तोल गेला. मी जे ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. पोरं क्षणभर चपापली, मग एक जण म्हणाला, "मॅडम, पब्लिक प्लेस आहे. तुम्ही पण या ना पाण्यात." सगळे खिदळले.

आईने माझा दंड धरला. बांध कोरणाऱ्या भाऊबंदाला विळा घेऊन पळवून लावणारी बाई ती. वाटलं, आता बोलेल. ती मलाच म्हणाली, "पाव्हण्यांवर अशी वसकन् जातेस? चल घरी."

वर आल्यावर भावाने भजी पुढे केली. त्याला वाईट वाटू नये म्हणून आईने घेतली. मग मला तिचाही राग आला. वाटेत मी पुढे पुढेच चालत राहिले. ती कंबरेवर हात ठेवून मधेमधे थांबत होती. एकदा म्हणाली, "पुढल्या साली आवणी सोमवारी उरकू, म्हंजी मंगळवारी कोन नसंल." म्हणजे भात कधी लावायचं हेही आता यांच्या सुट्ट्या बघून ठरवायचं!

घरी मी चुलीवर पाणी ठेवायला निघाले.

"ऊन नको, थंडच घाल," ती म्हणाली आणि परसातल्या दगडावर लुगड्यासकट बसली. मी तांब्या ओतला.

"वरून घाल."

मी भरलेली कळशी उचलली.

"अजून वरून गो."

मी धुण्याच्या दगडावर चढले, दोन्ही हातांनी कळशी डोक्यावर धरली आणि तिच्या पाठीवर ओतली. आईने डोळे मिटले, खांदे सैल सोडले.

"एवढ्यात संपलं?" ती म्हणाली.