मामांच्या मागचं रडार

माझ्या थोरल्या मामांइतकं चिडणारं माणूस आख्ख्या सेनगाव तालुक्यात दुसरं नसेल. त्यांच्याबद्दल मी प्रेमानंच लिहायला बसले आहे, पण लिहिता लिहिता मलाही त्यांचा राग येणार, हे आधीच सांगून ठेवते. चहा गार मिळाला की ते चिडतात, कडक गरम मिळाला तर जीभ भाजली म्हणून चिडतात, आणि अगदी हवा तसा मिळाला तर आज हिला काय मागायचं आहे, या संशयानं मामीवर चिडतात. गोरेगावात जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी परिचर म्हणून आयुष्य काढलं. निवृत्त झाले तरी वस्त्यांवरचे लोक त्यांनाच डॉक्टर म्हणतात आणि शेळी फुगली, मेंढी लंगडली की त्यांनाच निरोप धाडतात. खरे डॉक्टर वेगळे आहेत हे मामांना मान्य आहे. शेळ्यांना ते मान्य नाही, असं त्यांचं म्हणणं. शेळीवर मात्र ते कधीच चिडत नाहीत. चिडतात ते तिच्या मालकावर. एकदा माझ्यासमोरच त्यांनी एका मेंढपाळाला उभं केलं आणि विचारलं, "तिला बोलता येत न्हाई. तुला येतंय ना? मग दोन दिस काहून थांबलास?" तो बिचारा शेळीकडे असा बघत राहिला की जणू तीच आता त्याची बाजू मांडेल.

हा सगळा संसार ते सायकलवरून चालवतात. काळी, जडशीळ सायकल, मागे कॅरिअर, कॅरिअरवर औषधांची खाकी पिशवी. मोटारसायकल घ्या असं सगळ्यांनी सांगून झालं. तिच्या आवाजानं गाभण शेळी बिचकते, एवढं एकच उत्तर. त्यामुळे मामांचा दिवसातला अर्धा राग रस्त्यावर खर्च होतो. अंगावरून गेलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर त्यांना पाठ असतो. मी सुट्टीत गेले की ते नंबर मला लिहून घ्यायला लावायचे. मला मराठी आकडे नीट येत नाहीत, एकोणसाठ की एकोणसत्तर यात माझा कायम घोळ, आणि इंग्रजी शाळेतल्या या अज्ञानामुळे एका अगदी निरपराध दूधवाल्याला चौकात पंधरा मिनिटं बोलणी खावी लागली. चूक माझी होती हे मी तेव्हा सांगितलं नाही. मी सहसा सांगत नाही.

मामांना उजव्या कानानं ऐकू येत नाही. लाल कंधारी वळूनं धडक दिली, असं ते सांगतात. शेळी होती, असं मामी सांगते. आपल्याकडे गाड्या उजवीकडून पुढे जातात, म्हणजे रस्त्यावर जो कान हवा तोच गेलेला. गेल्या उन्हाळ्यात मुरमाचा एक टिप्पर इतक्या जवळून गेला की मामा सायकल आणि पिशवीसकट चारीत. कोपर सोललं, बाटल्या फुटल्या. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, आमचा दादा, हिंगोलीत खताचं दुकान चालवतो. तो त्याच दुपारी आला आणि शांतपणे म्हणाला, "बाबा, आता परत काही झालं तर सायकल भंगारात. मी विचारणार न्हाई." आरडाओरडा करणाऱ्या घरात शांतपणे बोललेलंच खरं ठरतं, हे मामांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्यांचा फोन आला. मी हिंगोलीतच असते, घरी बसून कंप्युटरवर काम करते. ख्यालीखुशाली वगैरे काही नाही. तू इंग्रजी शाळेत शिकलीस ना, मग मागून येणारं कळेल असं काहीतरी हुडक, एवढा हुकूम देऊन फोन बंद.

आधी आरसा झाला. सेनगावच्या रस्त्यावर तो असा थरथरायचा की एका ट्रकचे चार दिसायचे, आणि मामा चारही ट्रकांवर चिडायचे. मग मी बाजारातून मागे लावायचा लुकलुकणारा तांबडा दिवा नेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला. "हा मागच्याला सांगतो की मी हाय. मागचा हाय हे मला कोण सांगंल?" म्हणाले. मला अपमान वाटला. घरी येताना जीपमध्ये मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ काही ऐकवलं, पण मला राग आला की मराठी सुचत नाही आणि इंग्रजी त्यांना कळत नाही, त्यामुळे माझा राग आमच्या घराण्यात कुणाच्याच उपयोगाचा नाही. शिवाय प्रश्न बरोबर होता. त्या प्रश्नापायीच मला रडारचा दिवा सापडला.

दिसायला तो साधा तांबडा दिवाच असतो, मुठीएवढा. पण त्याच्या पोटात रडार असतं. मागून गाडी येऊ लागली की जवळपास दीडशे मीटरवरून त्याला कळतं. मग तो जोरात उघडझाप करून गाडीवाल्याला सावध करतो, आणि आपल्या हँडलवरच्या छोट्या पडद्यावर एक ठिपका वर वर चढू लागतो. मागे कोणी नसेल तर पडद्याची कड हिरवी, गाडी आली की पिवळी, वेगानं आली तर लाल. मी तीन प्रकार काढून ठेवले होते. एक फोनवर चालणारा. पण फोन मामांच्या खिशात असतो आणि त्याची टिकटिक ऐकणार कोण. दुसऱ्यात कॅमेरा होता. तो ऐकताच मामांचा चेहरा उजळला, कारण आता प्रत्येकाविरुद्ध पुरावा मिळणार होता. कॅमेऱ्यानं बॅटरी लवकर उतरते, तुम्ही दिवसभर फिरता, असं मी कळवलं. खरं कारण वेगळं होतं: ते सगळं चित्रण माझ्या शेजारी बसून ते मला दाखवत राहिले असते. मी स्वतंत्र पडद्याचा तिसरा घेतला. मामा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते तीन दिवस बरे गेले.

बसवायचं काम त्याहून कटकटीचं. असले दिवे सीटखालच्या दांड्यावर लावतात, पण मामांच्या दांड्यामागे कॅरिअर आणि कॅरिअरवर ती खाकी पिशवी. रडारनं आयुष्यभर पिशवीच बघितली असती. शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्यानं कॅरिअरच्या टोकाला एक पट्टी जोडून दिली. दिवा सरळ उभा हवा, वाकडा नको, पुढ्यात काही नको, असं मी पुस्तिकेतून वाचून दाखवलं. मामांनी गवंड्याचा ओळंबा मागवला. तासभर ओळंबा धरून ते वेल्डिंगवाल्यावर ओरडत होते आणि तो पट्टी ठोकताना माझ्याकडे असा बघत होता की जणू हे सगळं मीच आणलं आहे. मीच आणलं होतं.

त्यानंतर जे झालं ते कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. पूर्वी गाडी निघून गेल्यावर मामा चिडायचे, म्हणजे त्यांचं बोलणं धुळीला ऐकावं लागायचं. आता त्यांना गाडी यायच्या आधीच चिडता येऊ लागलं. पडद्यावर ठिपका दिसला की ते खाली उतरत, सायकल स्टँडवर लावत आणि हात वर करून रस्त्यात उभे राहत. ज्या यंत्रानं त्यांना गाड्यांपासून वाचवायचं, त्याच्याच भरवशावर हा माणूस गाड्यांसमोर उभा. काळीपिवळी जीपवाले काही अपघात झाला असेल म्हणून थांबत. मग मामा त्यांना दिवा दाखवत, दीड हात जागा म्हणजे किती ते हात पसरून दाखवत, आणि हा तुला लांबून पाहून राहिलाय बरं, असा दम देऊन सोडत. भरल्या जीपमध्ये एकदा माझ्या आईची मैत्रीण होती. तिची बँक हुकली. तिनं ते आईला सांगितलं, आईनं मला. मी फोन केला तर मामांनी विचारलं, तिच्या ड्रायव्हरनं आता जागा सोडली का नाही? सोडली होती. सगळेच सोडू लागले होते. त्याचाच मला जास्त राग आला.

खंडेनवमीला मी गोरेगावला गेले. मामांच्या अंगणात सकाळपासून धुणंपुसणं. विळे, फवारणीचा पंप, पाण्याची मोटर, मामांच्या सुया आणि बोकड खच्ची करायचा तो मोठा चिमटा, सगळं एका ओळीत हळदीकुंकू लावून मांडलेलं. मग सायकल. मामीनं बादलीतली झेंडूची माळ काढून माझ्या हातात दिली. पाणी गळत होतं. म्हणाली, "त्या दिव्याला बी बांध माय. त्योच तर सांभाळतो ह्यान्ला."

पुस्तिका मी पाच वेळा वाचली होती. पुढ्यात काही नको, हे मला तिथल्या सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. पण शेजारच्या सात-आठ बाया बसलेल्या, पूजेच्या वेळी मामीला नको म्हणायचं, मग ते का ते समजावायचं, माझ्या त्या मराठीत. मी माळ बांधली. दुहेरी बांधली, म्हणजे घसरू नये. जेवणं झाली की हळूच काढून टाकू, असं ठरवलं. मी ताटावर असतानाच वस्तीवरून निरोप आला की एक शेळी अडली आहे. मामा अर्ध्या जेवणातून उठले. सायकल फाटकाबाहेर पडल्याचा आवाज मी ऐकला. धावत गेले असते तर पोचले असते. माझा हात खरकटा होता.

त्यांच्या मागून आलेली जीपही त्या दिवशी सजलेली होती, काचेवर माळा, आत मोठ्यानं गाणी. ओल्या झेंडूमागचा दिवा ड्रायव्हरला दिसला नाही आणि त्या झेंडूतून रडारला जीप दिसली नाही. हँडलला धक्का लागला. मनगट मोडलं. त्याच ड्रायव्हरनं मामांना सेनगावच्या दवाखान्यात नेलं, आणि आम्ही पोचलो तेव्हा तो पायरीवर डोकं धरून बसला होता. मामांच्या हाताला प्लास्टर चढलेलं. ते कुणावरच चिडत नव्हते. मला भीती वाटली ती त्याची.

"हिरवं होतं," ते म्हणाले. "म्हटलं चला, आज मागं कोणीच न्हाई. तूर बघत चाललो होतो. लई दिसांनी न चिडता चाललो."

दादा हिंगोलीहून आला. सायकल बघून आला होता. दिव्याला माळ कोणी बांधली, असं त्यानं विचारलं. मामी माझ्याकडे बघू लागली. मी फरशीकडे.

"मीच बांधली," मामा म्हणाले. "ही पोरगी सांगून राहिली होती, काढा म्हणून. उजव्या अंगाला उभी होती. मला ऐकू आलं न्हाई."

"मी बी तेच म्हणतो," दादा म्हणाला. "तुम्हाला ऐकू येत न्हाई."

मामांनी मान हलवली. मला वाचवायला त्यांनी नेमकं तेच कबूल केलं जे इतकी वर्षं कुणाला कबूल करत नव्हते, की त्या कानामुळे आपलं अडतं, आणि संध्याकाळच्या आत सायकल टेम्पोतून हिंगोलीला गेली. दुकानामागे ताडपत्रीखाली. दिवाळीनंतर भंगारवाला येणार होता.

पुढचे बारा दिवस मी जितकी चिडले तितके मामा जन्मात चिडले नसतील. जीपवाल्यावर, त्याच्या गाण्यांवर, मामीवर, जिला खरं माहीत होतं आणि तीही गप्प बसली. दादाच्या त्या शांत आवाजावर. सगळ्यात जास्त मामांवर, कारण मला न विचारता माझ्यासाठी खोटं बोलायचा अधिकार त्यांना कोणी दिला? हे सगळं इंग्रजीत, डोक्यातल्या डोक्यात, कंप्युटरसमोर बसून. तेराव्या दिवशी मी उठले आणि चालत दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं. मी थांबले नाही.

"माळ मी बांधली होती. मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. मामा खोटं बोलले."

दादा खताची गोणी उचलत होता, ती त्यानं खाली ठेवली. आता सांगून काय उपयोग, असं काहीतरी म्हणाला. मग मी ओरडले. काय ओरडले ते मला नीट आठवत नाही. त्यांना ऐकू कमी येतं पण ते बघत होते, आम्ही त्यांच्या डोळ्यांवर माळ बांधली, असं काहीतरी. एक शेतकरी पावती न घेताच दोन पावलं मागे सरकला. मी इतक्या मोठ्यानं बोलू शकते हे त्या दुकानात मलाच पहिल्यांदा कळलं.

दादा त्या गोणीवरच बसला. मग म्हणाला, "मला हौस हाय का? दोनदा फोन आला. तिसरा बी मलाच येणार ना." त्याचा आवाज शांत नव्हता. तेव्हा माझा त्याच्यावरचा राग तिथेच संपला, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

ठरलं ते असं: प्लास्टर निघाल्यावर सायकल परत. डांबरी रस्ता बंद. फक्त शेतांमधून वस्तीकडे जाणारी कच्ची पांदण, आणि तीही सोबत कोणी असेल तरच. कोण, असं दादानं विचारलं. मी म्हणाले, मी. ही बातमी मी स्वतः मामांना सांगितली तर ते माझ्यावरच उखडले. "इतकं चांगलं खोटं बोललो होतो, ते वाया घालवलंस," म्हणाले. त्यानंतर त्यांचं नीट चिडणं मी फक्त एकदाच पाहिलं.

आता मी रविवारी सकाळच्या जीपनं गोरेगावला जाते आणि शेजारच्यांची लेडीज सायकल मागून घेते. मामांचं मनगट ब्रेक पुरता दाबत नाही, उतार आला की ते उतरून चालतात. पांदणीवर गाडी येत नाही. तरी दिवा लावलेला असतो. आपल्याच वेगानं मागून येणारं त्या रडारला दिसत नाही, हे मला तिथेच कळलं. मी त्यांच्या मागे, जरा उजवीकडे असते आणि पडदा हिरवाच्या हिरवा. दोन्ही बाजूंना हळद उभी असते. मामा कुणाला काही बोलत नाहीत.

कधी कधी मला ते सहन होत नाही. मग मी मुद्दाम खूप मागे राहते आणि उतारावरून जोरात पेडल मारत येते. ठिपका चढताना त्यांना दिसत असणार. पहिल्यांदा केलं तेव्हा त्यांनी मला चांगलं झापलं होतं. आता मी जवळ आले की ते वळूनसुद्धा बघत नाहीत. सायकल अलगद डावीकडे घेतात, मला दीड हात जागा सोडतात, आणि मी पुढे जायची वाट बघतात.