जुना कार्बोरेटर आणि मामांचा दहावा

आमच्या सासूबाई वाघेऱ्याच्या घाटात वारल्या, त्या कार्बोरेटरमुळे. (सध्या त्या आत बसून लसूण सोलत आहेत. पण आधी कार्बोरेटरचं सांगते.)

नाशिकच्या कडेला आमचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती बाजारात न्यायला एक जुनी व्हॅन आहे. ती पेट्रोल इतकं प्यायची, की मळा आम्ही तिच्यासाठीच कसतो की काय असं वाटावं. शेवटी मीच भंगार बाजार गाठला. तिथला मिस्त्री म्हणाला, "ताई, आधीच्या मॉडेलचा कार्बोरेटर टाका. त्याचं भोक बारीक असतं, पेट्रोल कमी सोडतो." त्याच्याकडे ढीगच होता. मी एकेक हातात घेतला, कानाशी हलवला, वास घेतला आणि एक निवडला.

"कलिंगड आहे का ते?" आमचे हे म्हणाले. मी लक्ष दिलं नाही.

कार्बोरेटर बसवल्यावर मिस्त्रीने एक स्क्रू दाखवला. आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त. यात न समजण्यासारखं काय आहे? गॅसची ज्योत मी जन्मभर बारीकच करत आले आहे. मग रोज बाजाराला निघताना मी स्क्रू किंचित आत घेऊ लागले. व्हॅन थोडी खोकायची, पण चालायची. ॲव्हरेज खरोखर वाढलं. मी ते आळीत सगळ्यांना सांगूनही टाकलं.

अशात हरसूलचे मामा गेले. सासूबाईंचे थोरले भाऊ. आई तेव्हा तापाने अंथरुणात होत्या, त्यामुळे त्यांना भावाचं तोंडही बघता आलं नाही. दहाव्याच्या सकाळी मात्र त्या माझ्याआधी तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या.

"सूनबाई, कावळा शिवायच्या आत मला नदीवर पोचव," त्या म्हणाल्या. "दादा माझी वाट बघंल."

गाडी मी चालवत होते. मागे हे आणि माझी नणंद विमल. आईंना गाडी लागते म्हणून त्या पुढे, माझ्या शेजारी. आता या व्हॅनचं इंजिन असतं पुढच्या सीटखाली. गिरणाऱ्यापर्यंत रस्ता सपाट, सगळं ठीक होतं. घाट लागला आणि आई चुळबुळ करू लागल्या.

"खालनं शेकतंय गं."

"ऊन आहे, आई."

"ऊन खालनं येतं व्हय?"

पुढच्याच वळणावर कार्बोरेटरने फाट्दिशी आवाज काढला आणि व्हॅन उभी राहिली. पेट्रोल कमी पडल्याने इंजिन तापून लाल झालं होतं. आईही जवळजवळ तशाच. त्यांना चक्कर आली. आम्ही त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. उन्हासाठी त्यांनी पदर तोंडावरून ओढून घेतला. मामांचा दहावा चुकणार म्हणून विमल त्यांच्या पायाशी बसून रडायला लागली.

"स्क्रू किती आत घेतला होतास?" ह्यांनी विचारलं.

"रोज थोडा."

"रोज?"

मी सीट उचलली आणि स्क्रू बाहेर काढायला लागले. घाईत तो इतका बाहेर आला, की स्प्रिंगसकट उडाला आणि दरीत गेला.

तेवढ्यात हरसूलकडे जाणारी जीप आली. आत मुंगीला जागा नव्हती. मी ड्रायव्हरला मामांचं नाव सांगितलं आणि म्हटलं, "त्यांच्या बहिणीला घेऊन दहाव्याला निघालोय, नदीवर तेवढा निरोप द्या, आम्ही घाटात अडकलोय."

त्याने व्हॅनमध्ये डोकावून पाहिलं. "कसं काय झालं?"

"माझ्यामुळेच," मी काळे हात पुसत म्हणाले. "पेट्रोल वाचवायला गेले."

"आता बोलून काय उपयोग," हे म्हणाले.

"लय वाईट झालं," ड्रायव्हर म्हणाला. जीपमधल्या दोघातिघांनी टोप्या काढल्या. मला वाटलं, काय सभ्य माणसं आहेत! एका गाडीसाठी एवढं कोण करतं?

बऱ्याच वेळाने दुधाची पिकअप मिळाली. आम्ही नदीवर पोचलो तेव्हा पत्रावळ रिकामी होती, आणि सगळी भावकी दगडावर बसून रडत होती. आईंना कॅनच्या मधून उतरताना पाहून एक म्हातारी उठून पळाली.

मामांचा मुलगा गंगाराम तेवढा जागेवर राहिला. पाय हलत नव्हते म्हणून, असं त्याने नंतर सांगितलं.

"आत्या, तू हायेस?"

"मग कुठं जाऊ? कावळा शिवला का रं?"

मग गंगारामकडून हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळपासून कावळा जवळ फिरकत नव्हता. सगळ्यांची सगळी वचनं देऊन झाली. जमीन नीट कसू, भांडणार नाय, आत्याला दिवाळीला आणू. कावळा झाडावरच. मग जीपवाला आला आणि आत्या घाटात गेल्याचं सांगितलं. गंगारामने रडत हात जोडले आणि म्हणाला, "बाबा, आता वाट नका बघू. आत्या तुमच्याकडंच आली."

"आन् मग?" आईंनी विचारलं.

"मग लगेच शिवला."

आई खाली बसल्या. "म्हंजे माझ्यासाठीच थांबला हुता," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच रडल्या. खूप वेळ रडल्या. मग त्यांनी नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"भावाला खोटं सांगून जेवू घातलं. तुझ्या त्या डबड्यापायी."

मी मान खाली घातली.

"गंगाराम," आई सगळ्या भावकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी जाईन तवा खांदा कोन बी द्या. पर हिला गाडी चालवू द्यायची नाय."

सासूची शेवटची इच्छा त्यांच्या हयातीत आणि साक्षीदारांसमोर ऐकायला मिळणाऱ्या सुना फार नसतील. मी त्यातली एक.