अमेरिकेतली देवराई

आमच्या साताऱ्याच्या शाळेचा शिपाई यसबा चित्रकलेच्या वर्गात शिरताना वहाणा दाराबाहेर काढायचा. बाकीच्या वर्गांत तो खुशाल वहाणांसकट जायचा. मी चित्रकलेचा मास्तर. एवढा मान शाळेत आपल्यालाच, म्हणून मी मनातल्या मनात फुगत असे. एकदा मुलांसमोरच त्याला कारण विचारलं, त्यांनाही जरा कळावं म्हणून.

त्यानं भिंतीकडे बोट केलं. "देवराई हाय न्हवं ती. वहाना घालून कसं जायाचं?"

भिंतीवर एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन चित्राची छापील प्रत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पुण्याच्या जुन्या बाजारात मला ती सापडली होती. दाट झाडीची घळ, खडकांतून उतरणारं पाणी आणि ओढ्यावर आडवं पडलेलं एक झाड. "अरे, अमेरिकेत कसली देवराई?" असं म्हणून मी मोठ्यानं हसलो. मास्तर हसल्यावर मुलं कशाला मागं राहतील?

यसबा कोयनेच्या खोऱ्यातला. रागावणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. "मुलूख कुटला का आसंना," तो म्हणाला, "त्ये पडल्यालं झाड बघा. वर शेवाळ धरलंय, म्हंजे किती सालं झाली आसतील. कुनी जळनाला न्हेलं न्हाई. देवाच्या रानातली काटकी बी कुनी उचलत न्हाई, मास्तर."

त्या झाडावर मी दरवर्षी दहा मिनिटं बोलत असे, पण रचनेतली आडवी रेषा म्हणून. शेवाळ मी पाहिलंच नव्हतं. पुढं मधल्या सुट्टीत यसबा चित्रापुढं उकिडवा बसला, की मी वह्या तपासण्याचं सोंग करून त्याचं ऐकत असे. "ऊन वरच्या वर आडाकलंय. झाडं लय म्हातारी हाईत," असं तो स्वतःशीच बोलायचा.

पुढच्या वर्षी सांगलीच्या एका मंडळानं 'चित्र कसं पाहावं' यावर माझं व्याख्यान ठेवलं. चित्र पोटाशी धरून यसबा बरोबर आला. माझा छायाप्रकाश ऐकून पहिल्या रांगेतले वकील जांभया देऊ लागले. माझं धाबं दणाणलं, आणि मी यसबाचं पडलेलं झाड, शेवाळ, अडकलेलं ऊन, सगळं शुद्ध मराठीत करून सांगून टाकलं. वकील पुढं सरकून ऐकू लागले, शेवटी टाळ्या.

"ही नजर आणलीत कुठून?" अध्यक्षांनी विचारलं.

यसबा माझ्या मागेच स्टुलावर चढून चित्र उतरवत होता. त्याचं नाव घ्यायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणालो, "वर्षानुवर्षांचा अभ्यास."

परतीच्या गाडीत मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. रहिमतपूर मागं पडल्यावर तोच बोलला. "लय ब्येस झालं मास्तर, तुमास्नी बी दिसाया लागलं. त्या दिशी तुमी हसलासा, तवा वाटलं, माजंच काय तरी चुकलं आसंल."

मी त्याचे शब्द चोरले, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. लाजेनं माझी मान खाली गेली. मला त्या हसण्याचंच वाईट वाटतंय असं समजून त्यानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"आसूं द्या. येकेकाला उशिरा दिसतं."

वर्षभरात तो गावी वारला. खरं काय ते मी त्याला सांगितलं नाही.