आपण हळू रडू

आमच्या नाट्यविद्यालयातलं कुणी भेटलं की आधी पाच मिनिटं गुडघे, शुगर, पोरांची लग्नं. मग किस्से सुरू होतात. तीन वर्षांत आम्ही नाटकं केली सहा. त्यातल्या एकाही नाटकाचं शेवटचं वाक्य आज कुणाला आठवत नाही, किस्से मात्र वाढतच राहिलेत. पूर्वी सांगताना नुसतं हसायचो. आता हसून झालं की कुणीतरी चहाचं विचारतं.

लातूरला एका दुमजली इमारतीत, वरच्या मजल्यावर आमचं विद्यालय होतं. पहिल्या वर्षी आम्ही अकरा जण, तिसऱ्या वर्षी पाच उरलो.

*

मी चाकूरची. आण्णा तिथल्या शाळेत क्लार्क. पोरगी नाटक शिकते हे त्यांना गावात सांगवेना, म्हणून त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "मंगल डी.एड. करती."

दुसऱ्या वर्षी आमचा प्रयोग नेमका चाकूरलाच लागला. मी सासू झाले होते. तपकीर ओढायची, सुनेला शिव्या द्यायच्या. शेजारच्या काकांनी मध्येच आण्णांना विचारलं, "काय हो, डी.एड.ला हे पण असतं का?"

आण्णा म्हणाले, "आता सगळंच ठेवलंय सरकारनं."

प्रयोग संपला तशी मी रंग न पुसताच त्यांच्याकडे पळाले. ते म्हणाले, "आवाज मागपर्यंत येत होता." बस, एवढंच. मला इतका राग आला की दोन महिने घरी पत्र टाकलं नाही. पुढच्या रांगेतली आपली खुर्ची सोडून ते पूर्ण दुसरा अंक पार मागे, मांडवाच्या खांबाशी उभे होते, हे मला काकांनी सांगितलं. आण्णा गेल्यावर, दहाव्याला.

*

आमच्या खालच्या मजल्यावर फिजिक्सचा क्लास होता. तेव्हा लातुरात क्लासचं पेव नुकतंच फुटत होतं. सकाळी सातला खाली सायकली लावायला जागा नसायची. वर आम्ही आवाजाचा रियाज करायचो. खालून चिठ्ठी यायची, "कृपया आरडाओरडा थांबवावा."

एकदा आम्ही शोकांतिकेची तालीम करत होतो. पाच जण मिळून प्रेताभोवती रडतोय आणि खालून छताला काठीनं ठोकतायत. आमचे रत्नपारखी सर तापट माणूस. ते तावातावानं खाली गेले. आता चांगलीच जुंपणार म्हणून आम्ही जिन्यात कान लावून बसलो. सर दहा मिनिटांनी वर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्यांची तीनशे पोरं आहेत, आपली पाच. आपण हळू रडू."

त्या दिवसापासून आम्ही कुजबुजत रडलो. नांदेडच्या स्पर्धेत तेच नाटक केलं. निकालाच्या वेळी परीक्षकांनी सांगितलं, "मुलांची समज चांगली आहे, पण तिसऱ्या रांगेच्या मागे काही ऐकू आलं नाही."

सरांनी मान डोलावली. परतीच्या बसमध्ये ते एकटेच सगळ्यात मागे जाऊन बसले.

*

आमच्यात खरी नटी एकच, देवणीची शोभा. ती नुसती दारातून आत आली तरी लोक बोलायचे थांबायचे. तिला पाहायला पाहुणे आले. सासऱ्यांनी विचारलं, "पोरी, काय काय येतं तुला?" हिनं स्वयंपाक, शिवण काही न सांगता सरळ राणीचं भाषण म्हणून दाखवलं. होणाऱ्या सासूच्या डोळ्याला पदर लागला. सासरे मुलाला म्हणाले, "पोरगी लई गुणाची हाय. पर भांडणात तू जिंकायचा न्हाईस."

होकार आला. अट एकच, नाटक बंद. आम्ही सगळे तिच्या लग्नात जेवलो, फोटो काढले. "शोभा, नको करू" असं एकानंही म्हटलं नाही.

वीसेक वर्षांनी ती मला लातुरातच भाजीच्या गाड्यावर दिसली. मुलाला डॉक्टर करायचं म्हणून एक खोली घेऊन त्याच्यासोबत राहात होती. तो दिवसभर क्लासला, ही डबा करून खोलीत.

मी विचारलं, "दिवसभर काय करतेस गं?"

"आवाज न करता बसते," ती म्हणाली. "त्याचा अभ्यास असतो."

*

माझं तरी काय वेगळं झालं? सरांच्या ओळखीनं मुंबईच्या एका नाटक मंडळीचं बोलावणं आलं होतं. आण्णांचं ऑपरेशन निघालं आणि मी गेले नाही. पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं. पुढच्या वर्षी एका क्लासमध्ये चौकशीच्या खिडकीवर नोकरी लागली. तिथेच बावीस वर्षं काढली. मालक म्हणायचे, "मॅडम, तुम्ही बोललात की पालक उठतच नाहीत, फॉर्म भरूनच जातात." का नाही भरणार? कुठं आवाज खाली आणायचा, कुठं थांबायचं, हे मी तीन वर्षं शिकले होते.

एका जूनमध्ये रत्नपारखी सर नातीला घेऊन खिडकीशी आले. थकले होते, काठी होती. मला खूप लाज वाटली. पण मागे रांग होती, म्हणून मी रोजचंच बोलायला लागले. "हे बघा, मूल हुशार आहे." इथं थांबले. "प्रश्न दोन वर्षांचा आहे." इथं परत थांबले. मग फॉर्म पुढे सरकवला.

सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. फॉर्म हातात घेतला आणि म्हणाले, "दुसरा पॉज लांबला, मंगल."

*

वैजनाथ आमच्या वर्गात भूकंपाच्या पुढच्या वर्षी आला. किल्लारीकडचा. त्याची आई, वडील, दोन बहिणी, सगळे त्या पहाटे गेले. तो लातूरला मामाकडे होता म्हणून राहिला. तो त्याबद्दल बोलायचा नाही, आम्ही विचारायचो नाही. विनोदी कामं त्याचीच. त्यानं नुसती टोपी तिरकी केली तरी लोक हसायचे. तिसऱ्या वर्षानंतर त्यानं नाटक सोडलं. आता औशाकडे दुधाची गाडी चालवतो. भेटला की माझ्या नातवाला टोपीची नक्कल करून दाखवतो.

शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. मोठं नाव असलेले, स्वभावानंही बरे. प्रत्येकाला ते ऐनवेळी विषय द्यायचे. वैजनाथला म्हणाले, "तुम्ही गावाहून परत येता. घर पडलेलं आहे. दोन मिनिटं, संवाद नाही."

रत्नपारखी सर खुर्चीतून अर्धे उठले. "यांना दुसरा एखादा विषय..."

"असू द्या सर," वैजनाथ म्हणाला.

सर खाली बसले.

तो विंगेतून आला आणि थांबला. चपला काढल्या, जोडीनं भिंतीकडेला ठेवल्या. बुटक्या दारातून जावं तसा वाकून आत गेला. खांद्यावरची पिशवी खुंटीला लावली. ती पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. मग त्यानं ती हळूच खाली ठेवली. मांडी घातली, ताट पुढं ओढलं आणि जेवायला लागला. दोन-तीन घास खाल्ले. मग डावीकडे बघून थोडा सरकला, कुणाला तरी बसायला जागा करून दिल्यासारखा. आणि परत जेवायला लागला.

परीक्षकांनी घड्याळ बघून घंटी वाजवली.

"प्रयत्न चांगला आहे," ते म्हणाले. "पण खरं नाही वाटलं. घर पडलेला माणूस असा जेवायला बसत नाही हो. तो धावेल, माती उकरेल, हंबरडा फोडेल. जरा निरीक्षण वाढवा."

आम्ही चौघं भिंतीला टेकून बसलो होतो. सर खिडकीबाहेर बघत होते.

वैजनाथनं चपला पायात घातल्या. "हाव सर," तो म्हणाला. "वाढवतो."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. ते माझं होतं. मी पदर खोचला आणि उठले.